तांबे वाचले, डेव्ही हरला

सर हम्फ्री डेव्ही म्हटले की खाणकामगारांचा सुरक्षादीप आठवतो. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला तेवढेच शिकवले. परंतु तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या पोलादी नळांना आज ज्या युक्तीने गंजापासून वाचवले जाते, ती युक्तीही मुळात त्याचीच. आणि तिच्यापायी त्याच्या वाट्याला आली ती नाचक्की!

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी कॉर्नवॉलमधील पेन्झान्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी मुलगा एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला. विद्यापीठात तो शिकला नाही. कविता मात्र करी. वर्ड्‌स्वर्थच्या ‘लिरिकल बॅलड्‌स’च्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते त्याच्या नजरेखालून गेली होती. आपल्या कलाशाखेला तो परका वाटू नये, याला एवढे कारण पुरे.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. १८०७ साली विजेच्या साहाय्याने त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. १८२० मध्ये तर तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

१८२३ साली ब्रिटिश आरमाराने त्याच्यापुढे एक अडचण मांडली. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाजे वाचावीत म्हणून त्यांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. पण खारे पाणी ते पत्रेच खाऊन टाकी. डेव्हीने विचार केला, ही झीज जर विद्युत्‌क्रियेशी निगडित असेल, तर तांब्याची विद्युत्‌स्थिती बदलून ती थांबवता येईल. त्याने पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला. थोरल्या भावाने धाकट्याचा मार आपल्या पाठीवर घ्यावा, तसा जस्ताचा तुकडा झिजू लागला आणि तांबे शाबूत राहिले. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाएवढे जस्तदेखील पुरे पडते, असे त्याला आढळले. जानेवारी १८२४ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडले. प्रयोगांत त्याला मायकेल फॅरडेचे साहाय्य होते.

लगोलग जहाजांना असे तुकडे बसवण्यात आले. तांबे खरोखरच टिकले. पण थोड्याच काळात तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे चिवट जीव चिकटू लागले, जहाजांचा वेग मंदावला. तांबे थोडेथोडे विरघळत असते, आणि त्या विषामुळेच हे जीव दूर राहतात! झीज थांबली तसे विषही थांबले. १८२५ साली आरमाराने तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी डेव्हीची टर उडवली.

मला वाटते, त्याचे रसायनशास्त्र चुकले नव्हते, घाई नडली. त्याने पत्र्याची परीक्षा पुरती घेतली. जहाजाची घ्यायची राहिली. हा घाव त्याच्या अभिमानी स्वभावाला झेपला नसावा. १८२६ अखेर त्याला पक्षाघाताचा झटका आला, १८२७ मध्ये अध्यक्षपद सुटले आणि २९ मे १८२९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, जिनिव्हात त्याचे निधन झाले.

जवळजवळ शंभर वर्षे लोटली. अमेरिकेत वायूचे लांबच लांब नळ जमिनीत पुरले जाऊ लागले होते आणि ओलसर माती त्यांना खाऱ्या पाण्यासारखीच खात होती. १९२८ साली न्यू ऑर्लिन्स येथे रॉबर्ट कून याने अशा नळांना बाहेरून विद्युत्‌प्रवाह देऊन डेव्हीचे तत्त्व राबवले. नळ काही प्रवासाला निघत नाही. त्याचा वेग मंदावण्याचा प्रश्नच नव्हता. जहाजावर जो दोष ठरला, तो इथे उरलाच नाही.

आपल्या किनाऱ्यासमोर, बॉम्बे हायमध्ये, १९७६ साली तेल निघू लागले. अशा समुद्रातल्या पोलादावर आज सर्वत्र जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवलेले असतात. पाणबुडे अधूनमधून खाली उतरतात आणि ठोकळा किती खाल्ला गेला, किती उरला, ते पाहून येतात.