कर्नाळ्याच्या सावलीतला वासुदेव बळवंत

मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल सोडले, पळस्प्याचा फाटा मागे पडला, की थोड्याच वेळात दाट झाडीच्या वर एक दगडी सुळका डोके काढतो. हाच कर्नाळ्याचा अंगठा. रविवारची सुट्टी गाठून मुलाबाळांसह कर्नाळ्याच्या अभयारण्यात जाणाऱ्यांना तो लांबूनच ओळखू येतो. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेल्या या जंगलातून गडाची वाट वर चढते. तास-दीड तासाची चढण संपली, की बसाल्टचा सुमारे सव्वाशे फूट उंच सुळका समोर उभा असतो. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि अंगावर आग्या माश्यांची मोहळे. म्हणून जाणती मंडळी तिथे आवाज करीत नाहीत, की धूर करीत नाहीत.

पण या वाटेला निघण्याआधी रस्त्यालगतच्या एका गावात पाच मिनिटे थांबायला हवे. त्या गावाचे नाव शिरढोण. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला.

कर्नाळा हा काही मोठा गड नव्हे. पण कोकणची बंदरे आणि बोरघाट यांच्यामधल्या वाटांवर नजर ठेवायला त्याच्यासारखी जागा नाही. म्हणून तो ज्याला त्याला हवा असे. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत तो होता आणि पुढे १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत मिळवला. पेशवाईच्या अखेरीस त्याचे किल्लेदार होते अनंतराव फडके, वासुदेवांचे आजोबा. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने गड घेतला आणि फडक्यांची किल्लेदारी संपली. गड गेला, तरी घराच्या अंगणातून सुळका दिसायचा काही थांबला नाही. आजोबांच्या काळाच्या गोष्टी ऐकत आणि समोर तो सुळका पाहत हा मुलगा वाढला. घोड्यावर बसावे, कुस्ती खेळावी, रानात भटकावे, यातच त्याचा जीव रमे.

शिक्षणासाठी कल्याण, मुंबई, पुणे असे फिरून झाल्यावर मात्र त्या काळच्या कोणत्याही शिकलेल्या तरुणासारखी त्यांनी नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि अखेर पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात. पगार बरा होता, बिऱ्हाड थाटले होते. आयुष्य सरळ रेषेत गेले असते. पण आई आजारी असल्याचे कळले आणि रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे तिच्या श्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. सरकारी नोकरी म्हणजे काय, हे कारकुनाला त्या दिवशी उमगले.

एका घरच्या दुःखातून कोणी बंडखोर होत नाही, हेही खरे. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकून देशाचा पैसा बाहेर कसा जातो याचा हिशेब त्यांना कळू लागला होता. हिशेब खात्यातल्या माणसाला तो चांगलाच कळला असणार. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीला हात लावला. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. पहिली पत्नी वारल्यावर गोपिकाबाई घरात आल्या. त्यांना वासुदेवांनी लिहायला-वाचायला तर शिकवलेच, शिवाय घोड्यावर बसायला आणि तलवार धरायलाही शिकवले. स्वतः ते लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शस्त्रविद्या शिकले. सदाशिव-नारायण पेठांच्या त्या पुण्यात एका चित्पावन तरुणाने मांग समाजातल्या वस्तादाला गुरू मानावे, ही गोष्ट लहान नव्हती.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनची गावे ओस पडली, माणसे झाडपाल्यावर जगू लागली. वेष पालटून वासुदेवांनी तो मुलूख पायी पाहिला. सरकार सारा सोडीत नव्हते आणि शहरातले सुशिक्षित अर्ज-विनंत्यांच्या पुढे जात नव्हते. तेव्हा ते वळले डोंगराकडे.

डोंगराची वाट ज्यांच्या पायाखालची होती ती माणसे म्हणजे रामोशी, कोळी, धनगर. पूर्वी गडांची राखण करणे हे रामोशांचे पिढीजात काम. गड गेले, तशी त्यांची वतने आणि भाकरीही गेली. याच समाजातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिले होते. किल्लेदाराचा नातू आणि गडाच्या राखणदारांचे नातू असे पुन्हा एकत्र आले. फेब्रुवारी १८७९ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या धामारी गावी पहिला दरोडा पडला. सावकारांचे पैसे काढायचे, त्यातून फौज उभारायची आणि दळणवळण तोडून सरकारला पेचात धरायचे, असा बेत होता. त्यांना पकडण्यासाठी सरकारने इनाम लावले, तर त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच डोक्यासाठी इनामाचा जाहीरनामा काढला.

सह्याद्रीच्या पायवाटा ज्याने तुडवल्या आहेत त्याला या मोहिमेचे बळ लगेच कळेल. पलटणीला लागतो रस्ता, गाडी, तळ. रानातल्या टोळीला पुरते एक घळ, एक पाण्याचे टाके आणि पलीकडे उतरणारी दुसरी वाट. दरोडा एका पेट्यात पडावा आणि माग काढणारे पोचेपर्यंत माणसे दुसऱ्या खोऱ्यात उतरलेली असावीत, असे काही महिने चालले.

या धामधुमीतला सर्वांत मोठा घाला पडला तो नेमका पनवेलच्या परिसरात. १८७९ च्या मे महिन्यात दौलतराव नाईक रामोशी यांच्या टोळीने घाट उतरून पळस्पे आणि चिखली लुटली. सुमारे दीड लाखाचा ऐवज हाती लागला. पळस्पे म्हणजे शिरढोणचे शेजारचे गाव, कर्नाळ्याच्या नजरेतले. पण ज्याचे हे घरचे रान तो वासुदेव त्या रात्री तिथे नव्हता. आणि लूट घेऊन परतणाऱ्या दौलतरावांना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठून ठार केले. वासुदेवांचा उजवा हात गेला.

वासुदेव त्या सुमारास दूर दक्षिणेत श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे निघून गेले होते. मनाने ते खचले होते. देवापुढे प्राण द्यावा इथपर्यंत विचार गेला. तिथेच त्यांनी आपली हकिकत लिहून काढली. त्यात इंग्रजांवरचा राग आहे, तसाच स्वतःचा हिशेबही आहे. सोबत्यांना लुटीचा वाटा हवा होता, राज्य नको होते, ही खंत त्यांनी लपवली नाही आणि आपल्या अपयशाबद्दल देशबांधवांची क्षमाही मागितली. पण त्यांच्या सोबत्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, हेही आपण विसरू नये. उपाशी माणसाला आधी भाकरी दिसते, राज्य नंतर. आणि ज्यांच्या घरी भाकरी होती त्यांतले फारच थोडे या डोंगरवाटेला आले.

नव्या दमाने रोहिल्यांची फौज जमवण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच २० जुलै १८७९ च्या रात्री देवर नावडगी येथे, तापाने थकून देवळात झोपलेले असताना, डॅनियलने त्यांना पकडले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची आणि ठिकाण ठरले एडन.

एडनही डोंगरांचेच गाव. विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या कड्यांनी वेढलेले, कर्नाळ्याच्या कातळाशी दुरून नाते सांगणारे. पण तिथे ना साग, ना ऐन, ना सावलीचा आंबा. ऑक्टोबर १८८० मध्ये या माणसाने कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उचकटले आणि तो त्या उघड्या मुलुखात धावत सुटला. पण जायचे कुणाकडे? भाषा परकी, मुलूख परका, पाठीशी घालणारे एकही घर नाही. थोड्याच वेळात ते पकडले गेले. क्षयाने आणि छळाने शरीर झिजले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, वासुदेव बळवंतांनी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. पुन्हा त्यांना सह्याद्री दिसला नाही.

डोंगर माणसाला लपवतो म्हणतात, पण खरे लपवतात ती डोंगरातली माणसे. जो कोणी पाणी देतो, आडवाट दाखवतो, विचारणाऱ्याला चुकीची दिशा सांगतो, त्याच्या जोरावर पायवाट चालते. सह्याद्रीत वासुदेवांना काही महिने मिळाले ते अशा घरांमुळे. एडनमध्ये तसे एकही घर नव्हते. आणि सारा देश असा एका घरासारखा उभा राहायला अजून कितीतरी वर्षे लागायची होती. त्यांचे बंड फसले, पण ती वाट आहे हे त्यांनी दाखवून दिले. १९८४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी कर्नाळ्याला जाल, तर मुलांना आधी शिरढोणला उतरवा. मग गड चढा. माथ्यावर माणिकगड, प्रबळगड ओळखून झाले, की खाली वळून घरांचा तो पुंजका शोधायला सांगा. त्या गावातला एक मुलगा रोज या सुळक्याकडे पाहत मोठा झाला, एवढे त्यांना कळले, तरी ती चढण सार्थकी लागली.