बर्था बेंझ : मोटारीची पहिली दुरुस्ती

आपल्या सर्वणच्या रस्त्यावर एखादी मोटार मध्येच बंद पडली की भोवती माणसे जमतात. सल्ले पुष्कळ मिळतात. परंतु दोष नेमका कोठे आहे, हे शांतपणे शोधणारा विरळाच. विद्यार्थ्यांनो, हा गुण अंगी असलेल्या एका गृहिणीचे हे चरित्र आहे.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम गावी एका सुखवस्तू घरात झाला. कार्ल बेंझ या यंत्रज्ञाशी त्यांचा विवाह ठरला, तेव्हा त्याचा कारखाना बुडण्याच्या बेतात होता. लग्नापूर्वीच आपला हुंड्याचा पैसा देऊन त्यांनी तो सावरला. १८७२ साली विवाह झाला. पुढे जानेवारी १८८६ मध्ये कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला. परंतु ही नवलाची गाडी घेण्यास गिऱ्हाईक पुढे येईना. उणीव लोकांच्या विश्वासात आहे, हे बर्थाबाईंनी ओळखले.

ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, पतीला न विचारता, पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन त्या मानहाइमहून माहेरी निघाल्या. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची. सोबत कारागीर नव्हता आणि वाटेत दुरुस्तीचे दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता.

इंजिन चालण्यास इंधन हवे आणि ते पेटवणारी ठिणगी हवी. वाटेत या दोहोंनीही दगा दिला. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्थाबाईंनी टोपीच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोजा सावरून धरणारा बंद काढून तिच्यावर गुंडाळला. इंधन सरले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधालयातून कपड्यांचे डाग काढण्याचा द्रव विकत घेतला व त्यावर गाडी चालवली. सैल झालेली साखळी लोहाराने नीट केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे उतारावर झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. तापलेल्या इंजिनासाठी वारंवार पाणी भरावे लागे आणि चढणीवर गाडी ढकलावी लागे.

सायंकाळी माहेरी पोहोचताच त्यांनी पतीला तार केली. काही दिवसांनी गाडी सुखरूप परतली. चढणीवरचा अनुभव ऐकून कार्लने पुढे गाडीला आणखी एका गिअरची जोड दिली. मोटार दूरवर नेता येते, हे जगाला दिसले. ५ मे १९४४ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, बर्थाबाईंचे देहावसान झाले.

आजच्या मोटारी फार गुंतागुंतीच्या आहेत आणि त्यांची प्रत्येक दुरुस्ती घरी होणार नाही. तरीही बंद पडलेल्या गाडीवर रागावण्यापूर्वी तिला इंधन मिळते काय, वीज पोहोचते काय, पाणी आहे काय, हे क्रमाने पाहता येते. दोष सापडला की निम्मी दुरुस्ती झालीच. हे शिकण्यास मोठे हत्यार लागत नाही. जागी बुद्धी आणि न डगमगणारे मन पुरते.