वंगणाच्या थेंबावर उभा राहिलेला विक्रम : बर्ट मन्रो यांची कहाणी

अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये तेथे ६८ वर्षांचे एक गृहस्थ ४७ वर्षे जुनी मोटरसायकल घेऊन उतरले आणि त्यांनी ताशी २९५ किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाची नोंद केली. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा या गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आत होता. १००० सीसीपेक्षा कमी क्षमतेच्या गटातील हा विक्रम करणारे बर्ट मन्रो न्यूझीलंडचे. त्यांच्या पाठीशी ना कारखाना होता, ना धनाढ्य पुरस्कर्ता. एकच इंजिन आयुष्यभर उघडायचे, पुसायचे, त्यात तेल घालायचे, मोडले तर पुन्हा घडवायचे, एवढाच त्यांचा मार्ग होता.

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जगली नाही. बालपण इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेकडील एडनडेल येथील शेतावर गेले. वेगाची ओढ तेथेच लागली. वडिलांची नाराजी पत्करून घरातला सर्वांत चपळ घोडा शेतातून भरधाव पिटाळणे हा या मुलाचा छंद होता. पुढे घोड्याची जागा यंत्राने घेतली. १९२० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही नवी मोटरसायकल विकत घेतली.

या नावातील ‘इंडियन’चा भारताशी संबंध नाही. ते अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरून घेतलेले आहे आणि कंपनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डची. स्काउटचा आराखडा डब्लिनहून अमेरिकेत गेलेल्या चार्ल्स फ्रँकलिन या अभियंत्याने केला होता. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० सीसी क्षमता आणि तीन गिअर असे तिचे रूप होते. टिकाऊपणासाठी या गाडीचा लौकिक होता.

मात्र त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे तिची वंगणव्यवस्था एकेरी होती. टाकीतले तेल इंजिनाच्या जोरावर चालणारा छोटा पंप थेंबाथेंबाने क्रँककेसमध्ये सोडी. फिरत्या भागांच्या फटकाऱ्याने ते उडे आणि सिलिंडरच्या भिंती, पिस्टन, बेअरिंग यांना माखून निघे. काम झालेले तेल परत टाकीत येत नसे. काही जळून धुरावाटे जाई, उरलेले झिरपून रस्त्यावर ठिबके. चढ लागला किंवा वेग वाढवायचा असला, की स्वाराने जोडीच्या हातपंपाने जादा तेल द्यायचे असे. किती आणि केव्हा, हे ज्याचे त्याने इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून ठरवायचे. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये जखडे. जास्त झाले तर स्पार्क प्लग काजळून इंजिन बंद पडे. वापरलेले तेल पुन्हा फिरवणारी व्यवस्था इंडियन कंपनीने १९३३ मध्ये आणली.

म्हणूनच अशा गाडीची निगा राखणे म्हणजे प्रथम तिच्या तेलाची निगा राखणे. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ काढायचा, नळ्या धुऊन मोकळ्या करायच्या, पंपातली झडप नीट बसते की नाही ते पाहायचे. झडप सैल राहिली, तर उभ्या गाडीतही टाकीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. ते आधी काढून न टाकता गाडी सुरू केली, तर निळ्या धुराचे लोट उठतात. यातले कोणतेही काम अवघड नाही, पण एकही टाळता येत नाही. वेग वाढवू पाहणाऱ्यासाठी तर हा हिशेब अधिकच कठोर होतो. वेगाने फिरणाऱ्या दोन पोलादी भागांमध्ये तेलाचा केसाहूनही पातळ पडदा असतो. तो क्षणभर फाटला, तरी महिनोन्‌महिन्यांची मेहनत काही सेकंदांत भंगारात जमा होते.

मन्रो यांनी १९२६ पासून स्काउटमध्ये बदल करायला सुरुवात केली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि महागडी अवजारे घेण्याची ऐपतही नव्हती. महामंदीच्या वर्षांत ते मोटरसायकलींची विक्री आणि दुरुस्ती करून संसार चालवत. स्वतःच्या गाडीसाठी उरे ती रात्र. जुन्या डब्यांचे साचे करून ते धातूचे भाग ओतत. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, कॅम हे सारे त्यांनी घरी बनवले. चाकाची एक जुनी तार त्यांना मोजमापाचे साधन म्हणून पुरे. मूळ इंजिनातील झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्या त्यांनी माथ्यावर आणल्या आणि दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना केली. पिस्टनला जोडणारे दांडे त्यांनी कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले.

इतके बदलल्यावर कारखान्याने दिलेली वंगणाची सोय पुरणार नव्हती. झडपा माथ्यावर गेल्या, इंजिन पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने फिरू लागले, म्हणजे तेलाची गरजही बदलली. मन्रो यांनी वंगणव्यवस्थाही स्वतःच तयार केली. इंजिनाची क्षमता वाढत वाढत अखेरीस ९५० सीसीपर्यंत गेली. या वाटचालीत अपयशांची गणती नव्हती. फुटलेले पिस्टन आणि तुटलेले दांडे त्यांनी फेकले नाहीत. ते फळीवर मांडून ठेवले आणि त्या फळीला वेगाच्या देवतेला वाहिलेल्या नैवेद्याचे नाव दिले. या नावात विनोद होता, तसा उपयोगही. कोणता भाग कुठे मोडला, हे सांगणारी ती त्यांची वहीच होती.

या ध्यासाची किंमत घराने मोजली. चार मुलांचा संसार असलेले मन्रो १९४० च्या दशकाच्या अखेरीस पत्नीपासून वेगळे झाले. नोकरी सोडून ते गाड्या ठेवण्याच्या लहानशा खोलीत राहू लागले. शेजारी यंत्रे, अवजारे आणि त्यांतच झोपण्याची जागा, असा तो संसार होता. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना, या एकाग्रतेत दुसऱ्या कोणासाठी फारशी जागा उरली नव्हती, ही बाजू नजरेआड करता येत नाही.

मायदेशात त्यांचे नाव केव्हाच झाले होते. १९४० मध्ये त्यांनी ताशी सुमारे १९४ किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. १९५७ मध्ये इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी किनाऱ्याच्या वाळूवर ते ताशी २११ किलोमीटरपर्यंत पोहोचले. पण खऱ्या कसोटीला मैलोन्‌मैल सपाट जमीन हवी होती आणि ती बॉनव्हिललाच होती. हृदयविकाराने गाठलेले असतानाही त्यांनी गाडी जहाजावर चढवून पॅसिफिक महासागर ओलांडला. १९६२ मध्ये ८८३ सीसीच्या गटात त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला, १९६६ मध्ये १००० सीसीच्या गटात ताशी २७० किलोमीटरचा. पुढच्याच वर्षी आयुष्यातील सर्वोच्च विक्रम झाला. त्या वर्षीच्या पात्रता फेरीत तर एका दिशेच्या धावेत गाडीने ताशी ३०५ किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता.

मन्रो यांचे ६ जानेवारी १९७८ रोजी इन्व्हरकार्गिल येथे वयाच्या ७८ व्या वर्षी निधन झाले. २००५ मध्ये अँथनी हॉपकिन्स यांनी त्यांची भूमिका केलेला ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट आला आणि हे नाव मोटरसायकलप्रेमींच्या वर्तुळाबाहेर पोहोचले. २००६ मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मानवंदना यादीत त्यांचा समावेश झाला.

त्यानंतरही एक हिशेब बाकी होता. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना गणितात चूक झाल्याचे त्यांच्या मुलाच्या लक्षात आले. २०१४ मध्ये असोसिएशनने ती दुरुस्त केली आणि अधिकृत वेग ताशी २९६ किलोमीटरच्या वर गेला. म्हणजे मृत्यूनंतर ३६ वर्षांनी मन्रो यांची गाडी आणखी थोडी वेगवान ठरली. इन्व्हरकार्गिलमधील हेस कुटुंबाच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांच्या स्मृती जतन केल्या आहेत. खिळे, पाने आणि स्क्रूच्या खोक्यांमध्ये मांडलेले हे संग्रहालय त्यांच्या कामाच्या खोलीपासून फारसे वेगळे वाटत नाही.