सर डग निकोल्स : फुटबॉलपटू ते राज्यपाल

खेळताना पायात गोळा आला, की आमच्या संघातला कोणीतरी धावत येतो आणि पोटरी चोळू लागतो. या साध्या गोष्टीचे मोल मला कधी जाणवले नव्हते. डग निकोल्स यांचे चरित्र वाचले आणि ते जाणवले.

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी कमरगंजा ही आदिवासींची वसाहत. तेथे ९ डिसेंबर १९०६ रोजी डग यांचा जन्म झाला. ते ८ वर्षांचे असताना त्यांच्या १६ वर्षांच्या बहिणीला पोलिसांनी घरातून उचलून दूर कुटामुंड्रा येथील मुलींच्या संस्थेत नेले. आईबापांच्या हाती काही नव्हते. पुढे डग पोटासाठी बाहेर पडले. लोकर कातरताना मेंढीला जखम झाली, की तिला डांबर लावण्याचे काम ते करीत.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ गडी आणि चेंडू हाताने झेलण्याची मुभा. धिप्पाड गड्यांच्या या खेळात डग यांची उंची अवघी ५ फूट २ इंच! पण पायांत वारा भरलेला. १९२७ साली ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबात आले. तेथे मालिश करणाऱ्याने त्यांच्या काळ्या अंगाला हात लावायला नकार दिला. डग यांना क्लब सोडावा लागला. या प्रसंगाचा अर्थ आपल्या देशातील वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

ते नॉर्थकोट संघाकडे गेले आणि १९२९ साली त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. १९३२ साली फिट्झरॉय क्लबाने त्यांना बोलाविले. पहिल्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत ते एकटेच बसले होते. तेव्हा संघातील सर्वांत नामवंत खेळाडू हेडन बंटन उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. या चरित्रातला हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो. डग त्या क्लबाकडून ५४ सामने खेळले. १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघातही त्यांची निवड झाली.

खेळ सुटला, पण आपली माणसे त्यांनी सोडली नाहीत. ते पाद्री झाले. २६ जानेवारी १९३८ रोजी सिडनीत गोऱ्यांच्या आगमनाचा दीडशेवा वाढदिवस साजरा होत असताना आदिवासींनी शोकदिन पाळला. त्यात डग होते. आदिवासींना जनगणनेत धरावे आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारला कायदे करता यावेत, म्हणून १९६७ साली सार्वमत झाले. त्यासाठी झटणाऱ्यांतही ते होते. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला.

१९७२ साली 'सर' हा किताब मिळविणारे ते पहिले आदिवासी ठरले. डिसेंबर १९७६ मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. मात्र आजारपणामुळे पाचच महिन्यांत त्यांना पद सोडावे लागले. ४ जून १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह कमरगंजाच्याच मातीत विसावला आहे.

राज्यपाल होणे प्रत्येकाच्या नशिबी नसते. पण खोलीत एकट्या बसलेल्या गड्याच्या शेजारी जाऊन बसणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मी ते करतो का, एवढेच आता स्वतःला विचारतो.