दुष्काळ, कर्जखते आणि तुकोबा

तुकाराम महाराजांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे वीणा आणि चिपळ्या येतात. तराजू सहसा येत नाही. वास्तविक देहूच्या मोरे घराण्यात तराजू पिढीजात होता. गावची महाजनकी, थोडी शेती, वाण्याचे दुकान आणि बेताची सावकारी असा हा प्रपंच. त्याच्या जोडीला विश्वंभरबाबा या पूर्वजांपासून चालत आलेली विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारी. जन्मवर्ष सर्वसाधारणपणे १६०८ मानले जाते. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा असल्यामुळे बोल्होबांच्या दुकानाची जोखीम मधल्या तुकोबांवर अल्पवयातच पडली आणि त्यांनी ती नीट सांभाळली. घडण हिशेबी माणसाची होती, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे चरित्र अधिक उलगडते.

आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेला. पाठोपाठ १६३० च्या सुमारास पावसाने दगा दिला. दख्खन आणि गुजरात यांना व्यापणारा हा दुष्काळ केवळ आभाळातून उतरलेला नव्हता. शहाजहान बादशहा निजामशाहीवरील मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता, आणि ज्या माळव्यातून दक्षिणेला धान्य यावे तेथील धान्य छावणीकडे ओढले जात होते. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने याच सुमारास पुणे जाळून उजाड केले. बादशहाने लंगर उघडले व सारासूट दिली, अशी नोंद त्याच्या दरबारी इतिहासात आहे. परंतु इंद्रायणीकाठच्या कुणब्याला त्या लंगराचा काय उपयोग? शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो याच होरपळीच्या काळात.

अशा वेळी गावच्या छोट्या दुकानदाराचे काय होते, हे कोणत्याही दुष्काळात पाहावे. गिऱ्हाइकाजवळ पैसा नसतो म्हणून माल उधारीवर जातो. उधारी वसूल होत नाही म्हणून नवा माल भरता येत नाही. बैल मरतात म्हणून बाहेरून धान्य आणता येत नाही. मोठा सावकार अशा वर्षी जमिनी गिळून आणखी मोठा होतो. लहान सावकार आपल्या कुळांबरोबरच बुडतो. तुकोबांचे दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई दम्याने आधीच खंगलेली. ती अन्नान्न करीत गेली. मुलगा संतोबाही गेला. ज्या महाजनाच्या दारी गाव धान्याला येत असे त्याच्याच घरात माणूस उपासमारीने मेले. या गोष्टीची लाज आपल्याला असह्य झाली, असे तुकोबांनी स्वतःच पुढे निःसंकोचपणे सांगून ठेवले आहे. दुःखापेक्षा लाज आधी सांगणारा हा माणूस विलक्षण प्रामाणिक म्हटला पाहिजे.

ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस बसले, असे परंपरा सांगते. साक्षात्काराची कथाही सांगते. श्रद्धावंताने ती जशीच्या तशी घ्यावी. पण देवापुढे बसून त्यांनी काय मिळवले, हे ओळखायचे तर डोंगरावरून उतरल्यावर त्यांनी काय केले ते पाहावे. शोधत आलेल्या धाकट्या कान्होबाबरोबर ते इंद्रायणीकाठी आले आणि लोकांकडून येणे असलेली कर्जखते त्यांनी मागवली. त्यांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची नदीत सोडली.

या प्रसंगाचे वर्णन करताना कीर्तनकार नदीपाशी रमतात. वाटणीपाशी कोणी फारसे थांबत नाही. दुष्काळात कर्जखत वसूल होत नाही हे खरे, पण ते मरतही नाही. चांगले वर्ष आले की तेच कागद बाहेर निघतात आणि जगल्या-वाचलेल्या कुळाच्या पहिल्या पिकावर हात ठेवतात. तुकोबांनी बुडवले ते बुडीत कर्ज नव्हे. पुढच्या सुगीवरचा आपला हक्क त्यांनी सोडला. त्यातही भावाचा हक्क सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे भान भक्तीच्या त्या भरातही सुटले नाही. दुसऱ्याच्या पैशाने धर्म करणारे पुष्कळ असतात. देवाचा कौल मिळाला म्हणून हिशेब चुकवायचा नसतो, हे या दुकानदाराला पुरते ठाऊक होते.

त्यानंतरचा काळ लांब आणि बराचसा अंधारा आहे. घराण्याचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानदेव, एकनाथ, नामदेव, कबीर यांची वचने पाठ केली. दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले. मार्ग दिसत नसताना हाताशी असलेले काम करीत राहणे, हीच त्यांची उपासना होती. माघ शुद्ध दशमीला स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला. त्या स्वप्नातही गुरूंनी पावशेर तूप मागितले आणि आपल्याला त्याचा विसर पडला, ही रुखरुख त्यांनी नोंदवून ठेवली आहे. दुकान गेले तरी माप गेले नव्हते!

या सगळ्यात जिजाबाईंवर परंपरेने अन्याय केला आहे. पुण्याच्या सावकाराची ही मुलगी; तिने स्वतःच्या भरवशावर कर्ज काढून नवऱ्याला भांडवल उभे करून दिले आणि त्याने नफ्यासह ते एका गांजलेल्याला देऊन टाकले, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. तिला कजाग ठरवणे सोपे आहे. दुष्काळात सवत आणि सवतीचा मुलगा गेलेले जिने पाहिले, तिचे रोजच्या भाकरीचे भय खोटे कसे म्हणावे? भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणारी बाई हीच, हेही लोकांच्या आठवणीत आहेच.

दुसरे संकट माणसांनी आणले. शूद्राने वेदार्थ बोलू नये, या कारणाने वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पहिल्या वेळी कागद स्वेच्छेने सोडले होते. या वेळी लोकांच्या दृष्टीने देवच खोटा ठरत होता. तुकोबा नदीकाठी अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवस. त्या दिवसांत ते देवाशी भांडले, आणि देवाला असा त्रास दिल्याबद्दल पुढे त्यांनी त्याची क्षमाही मागितली. वह्या कोरड्या वर आल्या असे भाविक मानतात. लोकांच्या मुखी असलेले अभंग कसे बुडणार, असे इतर म्हणतात. रामेश्वरभट पुढे त्यांचे शिष्य झाले.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा देहूतून गेले. त्या वियोगाने धाकटा भाऊ देवावर रागावला, रडला आणि त्या रागाचेच त्याने अभंग रचले. ते आजही गाथेत छापले जातात. हा भाऊ म्हणजे इंद्रायणीकाठी निम्मी खते हाती घेऊन उभा राहिलेला कान्होबा.