लोकांचं बोलणं आणि वामनदादांचं गाणं

चौदा एप्रिल आली की आपल्या वस्तीत सकाळीच स्पीकर लागतो. त्यातली पुष्कळशी गाणी वामनदादा कर्डकांची असतात, पण त्यावर नाचणाऱ्या पोरांना ते नाव ठाऊक नसतं. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असं आम्हाला वाटलं. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावी, आम्ही गिरणीत राबणारी माणसं.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी. शाळा नशिबी नव्हती. मुंबईला आले आणि मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं, त्यात गिरणीकामही आलं. चाळीत राहत असताना एकदा कुणीतरी पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे आला. दादांना एक अक्षर येईना. ही लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग समता सैनिक दलात देहलवी मास्तरांकडून बाराखडी गिरवली आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर पहिलं विडंबन रचलं. ते ऐकून लोक हसले, आणि तिथूनच दादांना रचण्याचा नाद लागला तो कायमचा.

आता मुद्द्याची गोष्ट. अक्षर उशिरा आलं, पण बोलणं कानात आधीपासून मुरलेलं होतं. त्यामुळे दादांचं धृपद पुस्तकातून येत नाही, माणसांच्या तोंडातून येतं. बाबासाहेबांचं नाव घेणारे पुष्कळ, त्यांच्या मतानं चालणारे थोडे, ही तक्रार आपण प्रत्येक बैठकीत करतो. दादांनी तीच तक्रार उचलली आणि गाणं केलं. गरिबाच्या हिश्शाचं काय झालं, हा प्रश्न गिरणीच्या गेटवर रोज निघायचा. दादांनी मोठमोठ्या कारखानदारांची नावं घेऊन तो जाहीर विचारला, तोही आपण घरात बोलतो त्याच गावरान रूपात. शुद्ध मराठीत विचारला असता तर तो अर्ज झाला असता.

बाबासाहेबांना ते सरळ भीमा म्हणतात, अरे-तुरे करतात. काही शिकलेल्यांना हे खटकतं. पण आपण आईला कधी अहो म्हणतो का? ज्याच्यावर हक्क असतो त्यालाच तू म्हणतात.

यात हिशेबही होता. समोर बसलेल्या आयाबायांपैकी बहुतेकींना वाचता येत नसायचं. ओळ एकदा ऐकली की पाठ व्हायला हवी, मागच्या कोरसला लगेच झेलता यायला हवी. बोलण्यातली ओळ अर्धी पाठच असते. तेव्हा मोठमोठ्या साहित्यिकांनी याला प्रचारकी म्हणून बाजूला सारलं, ते आमच्या मते चुकलं. गझलेचा साचा मराठी बोलीत इतका सहज बसवणं सोपं काम नाय.

घरात मात्र सुख थोडं. पहिला संसार मोडला, मुलगी गेली. पण दादा पेटी-ढोलकीवाल्यांच्या साथीनं गावोगाव फिरत राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह निघाले, तरी कित्येक गाणी गायकांच्या वह्यांतच राहिली. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

एक गाऱ्हाणं सांगून थांबतो. दादा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. आजकाल काही गायक वेळ वाचवायला तेच कडवं गाळतात. एका कार्यक्रमात आम्ही उठून विचारलं, तर गायकाला गाणं कुणाचं तेच माहीत नव्हतं. आपल्या विहाराच्या भजनी मंडळानं यंदापासून शेवटचं कडवं म्हटल्याशिवाय ढोलकी थांबवायची नाही असं ठरवलं आहे. वहीही सुरू केली आहे. ज्यांच्या घरी जुनी कॅसेट किंवा आजीला पाठ असलेलं कडवं असेल, त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर येऊन लिहून द्यावं.