वासुदेव बळवंत फडके

नवी मुंबईतील महापे गावाहून दक्षिणेस निघून पनवेल मागे टाकले, म्हणजे कर्नाळा किल्ल्याचा उंच सुळका दृष्टीस पडतो. त्याच्याच परिसरात शिरढोण हे गाव आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आणि किल्लेदाराच्या नातवावर पुण्यास इंग्रजांच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करण्याची वेळ आली.

एके दिवशी आई अत्यवस्थ असल्याचे वर्तमान आले. वासुदेवरावांनी रजेचा अर्ज केला. पण रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले, तेव्हा मातेने देह ठेवला होता. हे दुःख त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले. आईच्या अखेरच्या भेटीसही जेथे साहेबाच्या सहीची वाट पाहावी लागते, तेथे प्रजेचे घर तरी तिचे स्वतःचे कसे म्हणावे?

पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याची कारणे त्यांना उमगली. १८७६ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नान्न करीत मेली, तरी सरकारचा सारा सुटला नाही. किल्ल्यांची व गावांची राखण करणारे रामोशी तर परक्या राज्यात आपल्या पिढीजात कामास मुकले होते. वासुदेवरावांना जे घरात सोसावे लागले, तेच आता घरोघरी दिसू लागले.

त्यांनी रामोशी, कोळी, धनगर असे साथीदार जमविले. फौज उभारण्यास द्रव्य हवे होते, पण धनिकांनी पाठ फिरविली. तेव्हा फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी गावावर छापा घालून त्यांनी बंडास प्रारंभ केला. परंतु काही सोबत्यांचे लक्ष लुटीवरच राहिले, याची खंत त्यांना जाळीत राहिली. सरकारने त्यांना पकडण्यासाठी मोठे इनाम लावले. अखेर जुलै १८७९ मध्ये, विजापूरकडील देवर नावडगी येथे, थकलेले व आजारी वासुदेवराव झोपेतच पकडले गेले.

पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वासुदेवरावांची स्वतःची रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांना त्यांनी स्वतः लिहावाचावयास शिकविले होते, त्या पत्नी गोपिकाबाई मागे राहिल्या.

एडनच्या तुरुंगातून १८८० मध्ये ते निसटले. पण परमुलखात आसरा कोठला? ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे बंड थोडेच महिने टिकले. परंतु एका घराचे दुःख साऱ्या देशाचे आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच महाराष्ट्र त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो.